परातीतला समुद्र

लॉजच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरी बायका येतच होत्या. बाहेर धुकं इतकं दाट की धक्क्यावरून चढून येणारी बाई आधी खोकल्यावरून ओळखायची, मग चेहऱ्यावरून. प्रत्येकीच्या काखेत लोकरीचं काहीतरी होतं. स्वेटर, मोजे, हातमोजे. कोल्ड ईस्ट कोव्ह ह्या मासेमारीच्या गावच्या बुडालेल्या माणसांचे कपडे पुन्हा एकदा गावातून चालत निघाले होते, फक्त आत माणसं नव्हती.

ऑगस्टच्या वादळात 'गुड इंटेंट' हे गलबत सात माणसांसह गेलं. एकाचंही प्रेत मिळालं नाही. प्रेत मिळालं की माणूस पुरता मरतो, त्याला मूठमाती देता येते, थडग्यापाशी जाऊन रडता येतं. हे सातजण अर्धवट मेले होते. कुणाच्या स्वयंपाकघरात सकाळी ओली पावलं दिसत, कुणाला जिन्यावर बुटांचा आवाज येई. थर्झा नॉफ्टल नावाच्या म्हातारीने तर तेव्हापासून मागच्या दाराची कडीच लावली नव्हती. तिचा एकुलता एक जेबेझ रात्रीबेरात्री त्याच दाराने येत असे.

अशा गावात ऑक्टोबरच्या बोटीने व्हॅश्टीबाई क्रोकर उतरल्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडणारे बुडून गेले होते, काडीचा आधार लागला तो काठावर राहिलेल्यांना. व्हॅश्टीबाईंनी ती काडी बरोबर आणली होती. बोटाच्या पेराएवढी, लाकडाची, होडीच्या आकाराची.

"पाणी विसरत नाही, लेकरांनो," बाई म्हणाल्या. काळा झगा, काळी टोपी, आणि आवाज असा की जणू घशातच भरती आलेली. समोर पांढरी एनॅमलची परात, तीत काठोकाठ पाणी. "समुद्र एकच आहे. तो तिकडे आहे, तो ह्या परातीतही आहे. ज्याला घरी यायचं आहे तो येईल. फक्त हात धुऊन या. जमिनीचा मळ त्यांना सोसत नाही."

हात धुवायला बाईंची स्वतःची किटली होती आणि स्वतःचा धुण्याचा सोडा. एकेक बाई पुढे येई, कढत पाण्यात सोड्याने हात चोळी, तीनदा खळबळे, माणसाचा कपडा बाईंच्या मांडीवर ठेवी आणि बोटाचं टोक पाण्यात बुडवून त्याचं नाव घेई. मग व्हॅश्टीबाई ती होडी पाण्यावर सोडत. कुणी फुंकर मारत नव्हतं, कुणी परात हलवत नव्हतं. होडी आपली आपण निघायची.

थर्झाची ही तिसरी खेप होती. तिने बोट बुडवलं. "जेबेझ," ती म्हणाली, "बाळा, मी आहे."

होडी थरथरली. मग निघाली, काठाकाठाने वळली, मध्येच घुटमळली, जेबेझ लहानपणी दारात घुटमळायचा तशी, आणि गिरकी घेऊन तिच्या बोटाजवळून गेली. हॉलमध्ये जेबेझच्या स्वेटरचा वास पसरला होता, पेटीतल्या कपड्यांचा तो थंड, बोचरा वास. थर्झाच्या डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीवर आलं तरी तिने ते पुसलं नाही. पुसायला हात हलवला असता तर तो गेला असता.

"आता त्याची बायको," व्हॅश्टीबाई म्हणाल्या.

केझाया पुढे झाली. पंचविशीची, सडपातळ, माशांच्या यकृताचं तेल काढायच्या शेडमध्ये कामाला. सासूच्या पाठोपाठ तिने हात धुतले, चांगले खसाखसा धुतले. परातीत होडी अजून फिरत होती. केझायाने बोट पाण्याला लावलं मात्र, होडी तिच्यापासून झटकन दूर सरकली, पलीकडच्या काठाला जाऊन टेकली आणि तिथेच थांबली.

"जेबेझ," केझाया म्हणाली. तिने पुन्हा हाक मारली. होडी म्हणजे नुसता लाकडाचा तुकडा होऊन पडली होती.

 व्हॅश्टीबाईंनी डोळे मिटले. "तो इथे होता. आईपाशी होता. हिच्या स्पर्शाने मागे फिरला." मग अगदी हळू, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या हळू, त्यांनी विचारलं, "जाताना काय बोलली होतीस गं त्याला?"

 केझायाने उत्तर द्यायची गरज नव्हती, कारण ते थर्झाला ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी नवराबायकोची कशावरून तरी जुंपली होती, आणि तो दारातून बाहेर पडताना ही आतून ओरडली होती, "जा, आणि तिकडेच राहा."

व्हॅश्टीबाईंनी परातीतलं पाणी दाराबाहेर ओतलं, परात सोड्याने घासली, नवं पाणी भरलं. पुढच्या बाईची होडी पुन्हा सुरेख चालली.

*

 घरी चुलीपाशी शाल काढताना थर्झा म्हणाली, "पुढच्या गुरुवारी बोट आहे. सेंट जॉन्स शहरात माझ्या बहिणीची ओळख आहे, घरकामाला ठेवतील तुला. सेलिना इथे राहील."

सेलिना म्हणजे केझायाची पाच वर्षांची पोर. ती टेबलाखाली बाहुलीला जेवायला घालत होती.

"आई, पोरीला तरी नेऊ द्या."

"ज्या बाईपाशी माझा मुलगा यायला तयार नाही, तिच्यापाशी त्याचं लेकरू ठेवू? पुढे तो घरी आला आणि तू दारात दिसलीस तर?"

केझायाने भांडण केलं नाही, हे सगळ्यात वाईट. तिलाही ते पटलं होतं. "मी बोलले होते, आई. मी बोलले होते ते खरं आहे." दुसऱ्या दिवशी तिने पिवळ्या साबणाने हात लालेलाल होईस्तो घासले आणि व्हॅश्टीबाईंच्या हातापाया पडून पुन्हा एकदा परातीपाशी गेली. होडी पहिल्याहूनही जोरात दूर पळाली. बायकांनी दाराकडे सरकून तिला वाट करून दिली, तिचा झगा आपल्या झग्याला लागू नये इतकी.

गावात एकच माणूस ह्या सगळ्याला थोतांड म्हणत होतं. शाळेतल्या शिक्षिका टकबाई. पण पहिल्याच आठवड्यात थर्झाने त्यांना चारचौघांत सुनावलं होतं, "तुम्हाला ना नवरा ना मूल. बुडायला काही आहे का तुमचं? मग गप्प बसा." टकबाई गप्प बसल्या होत्या.

*

व्हॅश्टीबाईंनी पुढच्या बैठकीला जेबेझचा लग्नाचा कोट मागवला. बिचारा तिकडे खाली गारठतोय म्हणे. आतापर्यंत मागवलेलं सगळं ऊबदार सामान बाईंच्या खोलीत गाठोड्यांत बांधून पडलं होतं, आणि बुडालेल्यांपर्यंत ते कोणत्या टपालाने जाणार होतं हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ह्या बाई मढ्याच्या अंगावरची लोकर कातरत होत्या.

थर्झाने पेटी उघडली. शेजारी जमिनीवर सेलिनाचे केस धुवायला पावसाचं पाणी भरून ठेवलेलं भांडं होतं. म्हातारीने कोट उचलून झटकला. घडीतून पांढरे कण उडाले आणि त्यातला एक त्या भांड्यात पडला.

कण पळू लागला.

थर्झा जागच्या जागी थिजली. कण पाण्यावर गोल फिरला, थबकला, गर्रकन वळला, पुन्हा निघाला. अगदी तस्सा. हातात जेबेझचा कोट, आणि तो समोर. 

"जेबेझ?"

तेवढ्यात कोटाच्या बाहीतून आणखी दोन कण पडले. तेही पळू लागले. तिघे एकमेकांना चुकवत, मध्येच धडकत, उन्हाळ्यातल्या माश्यांसारखे पाण्यावर सैरावैरा फिरत होते.

थर्झा बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या मनात एक साधा विचार आला. जेबेझ एक होता, तीन नव्हता.

तिने बोटं नाकाशी नेली. कापूर. कसर लागू नये म्हणून गावातली प्रत्येक बाई लोकरीच्या पेटीत घालते तो कापूर. लॉजमध्ये दरवळायचा तो हाच. पण प्रत्येकीच्या काखेतला स्वेटर कापराच्याच पेटीतून निघालेला, तेव्हा परातीतून वास येतोय की मांडीवरून, हे कोण कशाला हुंगत बसणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा तो असा. व्हॅश्टीबाईंनी कपडे मागवले ते नुसते लुबाडायला नव्हे, होडीतल्या कापराचा वास लपवायलाही.

तिने रुमालात कापराचे खडे बांधले आणि मान खाली घालून शाळेत गेली.

*

टकबाई फळा पुसत होत्या. थर्झाला बघून त्यांनी खडू खाली ठेवला आणि काही टोमणा न मारता खुर्ची पुढे सरकवली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एका स्वच्छ टबात पाणी भरलं.

"पाण्याला वरून एक ताण असतो, थर्झामावशी. ताणून बसवलेल्या शिडासारखा. पाण्याचा कण न् कण शेजारच्याला ओढून धरतो. पुस्तकात त्याला पृष्ठताण म्हणतात. सुई अलगद ठेवली तर तरंगते ती त्याच्यामुळे. तुमच्या बंदुकीचे छर्रे गोल असतात ना? वितळलेलं शिसं उंचावरून सोडतात, त्याचा थेंब पडता पडता स्वतःलाच ओढून गोल होतो. तोच ताण. साबण मळ काढतो तेही हा ताण सैल करून. निम्मे कारखाने ह्याच्यावर चालतात, फक्त भूत म्हणून कुणी त्याची जाहिरात करत नाही."

"आणि होडी?"

टकबाईंनी काडीच्या मागच्या टोकाला कापराचा कपचा चिकटवला आणि काडी पाण्यावर ठेवली. ती निघाली. "कापूर जिथे विरघळतो तिथला ताण ढिला पडतो. पुढचं पाणी अजून जोरात ओढतंच आहे. रस्सीखेचीत मागच्यांनी दोर सोडला तर काय होईल? सगळं पुढे. बस, एवढंच."

थर्झाने मान डोलावली. मग तिने तो प्रश्न विचारला ज्यासाठी ती खरी आली होती. "केझायाला तो का भिऊन पळाला?"

टकबाईंनी खिडकीतली बाटली घेतली. मुलांना रोज चमचाभर पाजायचं यकृताचं तेल. बाटलीच्या तोंडाला बोट पुसून त्यांनी ते पाण्याला नुसतं टेकवलं. काडी झटकन दूर सरकली, काठाला लागली, मेली.

"तेल पाण्यावर पसरतं, त्याच्या रेट्याने होडी आधी लांब ढकलली जाते. मग सगळीकडचा ताण सारखाच ढिला. ओढणारं कुणी उरत नाही. साबणानेही हेच होतं. तिने जितके जास्त हात घासले, तितकी ती जास्त फसली."

"सोडा लावला होता की तिने."

"सोड्याने तुमच्या हाताचा लोण्याचा ओशटपणा निघेल. रोज तेलाच्या शेडमध्ये राबणाऱ्या बाईच्या नखांतलं, भेगांतलं तेल एका धुण्यात निघतं का? आणि व्हॅश्टीबाईंना हे ठाऊक नसेल? परात कशाला घासली त्यांनी? सगळ्याजणींची होडी चालली असती तर कुणाला तरी शंका आली असती. एकीची अडली, म्हणून बाकीच्यांची खरी वाटली."

थर्झा टबाकडे बघत राहिली. पाणी आता आरशासारखं सपाट पडलं होतं. असं पाणी तिने पूर्वी पाहिलं होतं. वादळात गलबताच्या कडेला तेलाच्या पिशव्या बांधतात, तेल ठिबकतं, आणि लाटांचे तुटणारे माथे तेवढ्यापुरते बसतात. त्या पिशव्या शेडमधल्या बायकाच भरतात. जेबेझ निघाला त्या दिवशी सकाळी, भांडण झाल्यावर, "तिकडेच राहा" म्हणून झाल्यावर, केझाया रडत रडत शेडमध्ये गेली होती आणि त्याची पिशवी गच्च भरून धक्क्यावर धावत नेऊन दिली होती. हे थर्झाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. बघितलं होतं आणि विसरली होती, कारण ऐकलेलं तेवढं लक्षात ठेवायचं होतं.

"मी सांगू का लॉजमध्ये?" टकबाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तर म्हणतील शिकलेली आहे, तिला काय कळतंय. मी सांगते."

पण घरी जाताना ती वाटभर हिशेब करत होती. बोलली, तर जेबेझ पुन्हा येणार नव्हता. उद्या बैठक होती, अजून एकदा तिला बोट बुडवून "बाळा" म्हणता आलं असतं. परवा बोट होती. केझाया गेली असती, पोर राहिली असती, आणि परातीत मुलगा. कुणाला कळलंही नसतं. ते सगळं तिला मिळालं असतं, आणि ते तिला हवंही होतं. खोटं का सांगा, फार हवं होतं.

*

बुधवारी दुपारी लॉज पुन्हा तुडुंब भरला. थर्झा केझायाचा दंड धरून तिला आत घेऊन आली तेव्हा कुजबुज झाली. टकबाई दारापाशी उभ्या राहिल्या. थर्झाने सगळ्यांसारखे सोड्याने हात धुतले, मग अंबाड्यावरून एकदा बोट फिरवलं. अंबाड्यात सकाळीच तेल चोपडलं होतं.

होडी सुटली. छान निघाली. व्हॅश्टीबाई म्हणाल्या, "आला बघा, आईच्या ओढीने आला..." आणि थर्झाने बोट पाण्याला लावलं.

होडी झटकन मागे फिरली, काठाला टेकली, थांबली.

"अगंबाई," कुणीतरी म्हणालं.

व्हॅश्टीबाई क्षणभरच गडबडल्या. "दोष घरात आहे. सुनेचा स्पर्श सासूलाही बाधला. ज्या छपराखाली..."

"बाई, ही होडी जरा उलटी करता का?" थर्झाने विचारलं.

"मृतांच्या वस्तूला हात लावायचा नसतो."

"मृत माझा आहे," थर्झा म्हणाली आणि तिने होडी उचलली. मागच्या टोकाला तांबड्या मेणात पांढरा कपचा बसवलेला होता. तिने तो नखाने उकरून शेजारच्या नाओमीच्या नाकाखाली धरला. नाओमी रिंग, जिचे दोन मुलगे त्याच गलबतावर गेले होते. "हुंग. काय आहे?"

"आपल्या पेटीतला कापूर," नाओमी म्हणाली.

थर्झाने परात ओतली, घासली, भरली. मग चुलीजवळची एक ढलपी उचलली, तिला कापराचा खडा चिकटवला आणि पाण्यावर टाकली. ढलपी चालू लागली. "हिच्यात कोण आहे, व्हॅश्टीबाई? ही सरपणाची आहे. सरपण कुठल्या गलबतावर बुडालं होतं?" मग तिने केझायाचा हात धरून तिचं बोट पाण्याला लावलं. ढलपी पळाली आणि मेली. "आणि ही हिच्यावर रागावली आहे का? कसली बोलणी झाली होती दोघींची?"

कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही. व्हॅश्टीबाई टोपी सावरत म्हणाल्या की अश्रद्धेच्या वातावरणात आत्मे टिकत नाहीत. त्यावर मागून एक म्हातारा म्हणाला, "आत्म्यांचं राहू द्या, स्वेटर तरी ठेवून जा."

पण नाओमी रडत होती. "का केलंस गं? माझे दोघं येत होते. दर बुधवारी येत होते. तुझा तुला नको होता तर माझे कशाला घालवलेस?"

 थर्झा परातीचा काठ धरून उभी राहिली. "ते येत नव्हते, नाओमी. माझाही येत नव्हता. मला काय हौस आहे? काल मी रात्रभर देवाकडे मागत होते की टकबाईंचं खोटं ठरू दे." तिने केझायाला दंड धरून पुढे ओढलं. "आपण मेलेल्यांना परातीत शोधत बसलो आणि त्यापायी एक जिवंत पोर बोटीवर चढवायला निघालो होतो. तिचा गुन्हा काय, तर तिच्या हाताला आपल्याच माणसांसाठी काढलेलं तेल होतं. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला ना, तर बायांनो, आधी तो हुंगा. उलटा करा. घरच्या भांड्यात स्वतः करून बघा. आणि चमत्कारामुळे कुणावर बोट रोखलं जात असेल, तर दोनदा करून बघा."

टकबाईंनी बायकांना एकेक ढलपी दिली. कुणी घेतली, कुणी नाही. नाओमीने घेतली नाही.

*

गुरुवारी बोटीने शिटी दिली तेव्हा धक्क्यावर व्हॅश्टीबाई एकट्या होत्या, आणि त्यांचं सामान येतानापेक्षा जास्त नव्हतं. केझायाची पेटी घराच्या दारातच होती. थर्झाने ती दोन्ही हातांनी ओढत पुन्हा आत नेली. केझाया मदतीला वाकली तशी म्हातारीने तिचा हात धरला आणि नाकाशी नेला. यकृताच्या तेलाचा तो उग्र वास, कशानेही न जाणारा.

"ह्या हाताने त्याची पिशवी भरली होतीस," थर्झा म्हणाली.

"गच्च भरली होती, आई. तरी पुरली नाही."

"समुद्र मोठा होता गं. तुझ्या बोलण्याने नाही बुडाला तो. बोलण्याने माणसं बुडत असती तर ह्या गावात एक नवरा शिल्लक राहिला नसता."

केझाया हसायला गेली आणि रडली. ऑगस्टपासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली. थर्झा तिच्याजवळ बसून राहिली. सेलिना दोघींकडे बघून पुन्हा बाहुलीकडे वळली.

संध्याकाळी वारा सुटला. मागचं दार थोडं उघडलं, आपटलं, पुन्हा उघडलं. दोघींनी तिकडे पाहिलं, सवयीने. दारात धुक्याशिवाय कुणी नव्हतं.

"आई, कडी?" केझायाने विचारलं.

थर्झाने सेलिनाला शालीत ओढून घेतलं.

"लाव," ती म्हणाली. "पोरीला गारठा लागतोय."